मतदारसंघांच्या सीमा आणि प्रतिनिधित्वाचा हिशेब

आजचा विषय वरवर पाहता रूक्ष आहे. त्यात आकडे आहेत, कलमे आहेत, नकाशे आहेत. वसंत ऋतूतल्या संध्याकाळी लोकांनी घरचे काम आटोपून यावे आणि वक्त्याने त्यांच्यापुढे जनगणनेची कोष्टके मांडावीत, हे तसे रसभंगाचेच लक्षण. परंतु मीरा-भाईंदरच्या नागरिकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. विधानसभेच्या मतदारसंघांच्या सीमा कशा आखल्या जातात आणि त्या चुकल्या किंवा जुन्या झाल्या तर काय होते, याचे ह्या शहरापेक्षा चांगले उदाहरण महाराष्ट्रात शोधूनही मिळणे कठीण आहे. म्हणून तत्त्वचर्चेला आरंभ करण्यापूर्वी आपल्याच गावाचा हिशेब मांडू.

१९७१ साली जनगणना झाली तेव्हा येथे शहर नव्हते. भाईंदर, नवघर, राई, मुर्धे, मोर्वे, घोडबंदर, काशी, मिरे, उत्तन, डोंगरी अशी गावे होती. मिठागरे होती, भातशेती होती, किनाऱ्यावर मासेमारी होती. आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली नगरपरिषद झाली आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख भरली. २००१ मध्ये ती सुमारे ५ लाख २० हजार झाली. २०११ मध्ये सुमारे ८ लाख ९ हजार. वीस वर्षांत साडेचारपटीहून अधिक! ही वाढ जन्मदराने होत नसते, हे सांगायला नकोच. मुंबईत जागा परवडेनाशी झालेली कुटुंबे, कोकणातून, गुजरात-राजस्थानातून, उत्तरेतून आलेली माणसे लोकलच्या डब्यातून येथे उतरली आणि राहिली.

आता ह्या वाढत्या वस्तीला विधानसभेत बोलायला माणूस कोण होता, ते पाहा. २००४ ची विधानसभा निवडणूक ज्या सीमांवर झाली, त्या सीमा १९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या होत्या. तेहतीस वर्षांपूर्वीची शिरगणती! तोपर्यंत मीरा-भाईंदरची गणना बेलापूर मतदारसंघात होत असे. भाईंदर कोठे आणि बेलापूर कोठे! मध्ये घोडबंदरचा रस्ता, ठाणे शहर आणि ठाण्याची खाडी. भाईंदरच्या माणसाने बेलापूरला जायचे म्हटले तर पश्चिम रेल्वेने दादर गाठावे, तेथून कुर्ल्याला जावे आणि हार्बरची गाडी पकडावी. दोन्ही टोकांच्या लोकांचे प्रश्न निराळे, बाजारपेठ निराळी, जाण्यायेण्याचे मार्ग निराळे. त्यांना एका मतदारसंघात बांधणारी गोष्ट एकच होती: १९७१ साली दोन्हीकडे माणसे थोडी होती. एकट्या ठाणे जिल्ह्याकडे त्या वेळी विधानसभेच्या १३ जागा होत्या. २००८ च्या पुनर्रचनेनंतर त्याच जिल्ह्याला २४ जागा मिळाल्या. ह्या एका आकड्यावरून मागील तीस वर्षांत किती लोकांचा आवाज अर्धा झाला होता, हे ध्यानात येईल.

हे असे का झाले? येथे संविधानाकडे वळावे लागते.

आपल्या संविधानकर्त्यांनी दोन गोष्टी ठरविल्या. प्रत्येक सज्ञान माणसाला एक मत, ही पहिली; आणि त्या मताचे वजन शक्य तितके सारखे असावे, ही दुसरी. पहिलीविषयी आपण नेहमी बोलतो. दुसरी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. समजा, एका मतदारसंघात दोन लाख मतदार आहेत आणि शेजारच्यात सहा लाख. दोन्हीकडून एकेकच आमदार जाणार. म्हणजे दुसऱ्या मतदारसंघातील तीन माणसे मिळून पहिल्यातील एका माणसाएवढी होतात. मत प्रत्येकाला एकच आहे, पण रुपयाचे मोल येथे सोळा आणे आणि तेथे पाच आणे, अशी अवस्था. हे होऊ नये म्हणून संविधानाच्या ८२ व्या आणि १७० व्या अनुच्छेदांनी अशी व्यवस्था केली, की प्रत्येक जनगणनेनंतर लोकसभेच्या व विधानसभेच्या मतदारसंघांची फेररचना व्हावी. त्यासाठी १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ साली कायदे झाले आणि त्या त्या वेळी मतदारसंघ पुनर्रचना आयोग नेमले गेले. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा ह्या क्रमाने वाढत गेल्या. १९६२ च्या निवडणुकीत त्या २६४ होत्या, १९६७ मध्ये २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सीमा आखताना मोजली जाते ती लोकसंख्या, मतदारसंख्या नव्हे. तान्हे मूलही त्या हिशेबात धरले जाते, कारण शाळा, दवाखाना, पाणी ह्यांची गरज मतदार नसलेल्यालाही असते आणि आमदार त्याचाही असतो. पुष्कळांची येथे गल्लत होते.

मग तेहतीस वर्षांचा खंड का पडला? आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांची फेरवाटणी गोठविण्यात आली. कारण असे दिले गेले, की ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांची लोकसंख्या कमी वाढणार. मग त्यांच्या जागा घटणार आणि ज्यांनी ते मनावर घेतले नाही त्यांच्या वाढणार. शिस्तीने वागणाऱ्याला दंड आणि बेशिस्ताला बक्षीस! ह्या युक्तिवादात तथ्य आहे. दक्षिणेकडील राज्ये आजही तोच मांडतात आणि तो सहज उडवून लावता येण्यासारखा नाही. परंतु राज्याराज्यांमधील वाटणी गोठविताना राज्याच्या आतील सीमाही गोठल्या, हे मात्र मला कधीच न्याय्य वाटलेले नाही. दादर सोडून भाईंदरला राहायला आलेल्या गिरणीकामगाराने कुटुंबनियोजनाचा कोणता नियम मोडला होता? त्याने राज्य बदलले नव्हते, फक्त घर बदलले होते. तरीही मागे राहिलेल्या जुन्या शेजाऱ्याच्या मानाने त्याचे मत दरवर्षी थोडे थोडे हलके होत गेले.

२००२ साली अमलात आलेल्या ८४ व्या दुरुस्तीने ही चूक अर्धी सुधारली. प्रत्येक राज्याच्या एकूण जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तेवढ्याच ठेवावयाच्या, पण राज्याच्या आत सीमा पुन्हा आखावयाच्या, असे ठरले. आधार प्रथम १९९१ च्या जनगणनेचा होता. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने तो २००१ चा केला. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग ह्या आयोगाचे अध्यक्ष होते. निवडणूक आयोगाचा एक सदस्य आणि त्या त्या राज्याचे निवडणूक आयुक्त हे दुसरे दोघे. प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसत. त्यांना बोलण्याचा अधिकार होता, मत देण्याचा नव्हता. १९ फेब्रुवारी २००८ रोजी नव्या सीमा अमलात आल्या आणि महाराष्ट्रात २००९ च्या निवडणुका त्यांवर झाल्या.

आता त्या आयोगाच्या जागी आपण बसू आणि मीरा-भाईंदरचे गणित सोडवू. ते पाचवीतल्या मुलालाही सुटेल. २००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख. तिला २८८ ने भागले, की एका आमदाराच्या वाट्याला सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. आयोगाने दहा टक्के इकडेतिकडे चालवून घेतले. म्हणजे सुमारे तीन लाखांपासून पावणेचार लाखांच्या आत मतदारसंघ बसला पाहिजे. मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार. एका आमदाराला फार जास्त आणि दोघांना फार थोडी. बरोबर दीड आमदाराची! माणूस काही अर्धा करता येत नाही. तेव्हा शहराचा मोठा भाग घेऊन १४५ क्रमांकाचा मीरा-भाईंदर मतदारसंघ झाला आणि उरलेला भाग घोडबंदर रस्त्याच्या बाजूने ठाणे शहराच्या काही भागाला जोडून १४६ क्रमांकाचा ओवळा-माजिवडा मतदारसंघ झाला. काशिमिऱ्याकडील पुष्कळ नागरिक आजही विचारतात, की महानगरपालिका आमची एक, मग आमदार दोन का, आणि त्यांतला एक ठाणेकरांबरोबर वाटून का? त्याचे उत्तर त्या दीडमध्ये आहे. कोणी शहराचे तुकडे करण्याचा कट केला असे मानण्याची गरज नाही. भागाकारात बाकी उरली, ती कोठेतरी ठेवावी लागली.

दोन्ही मतदारसंघ ठाणे लोकसभा मतदारसंघात गेले. त्यात ह्या दोघांखेरीज कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर हे आहेत. म्हणजे बेलापूरची आणि आपली संगत विधानसभेपुरती सुटली, लोकसभेपुरती राहिली.

पण गणित तेथेच थांबत नाही. २०११ साली राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख झाली. प्रत्येक आमदारामागे सरासरी ३ लाख ९० हजार. मीरा-भाईंदर ८ लाख ९ हजार. भागून पाहा: दोन पूर्ण, आणि थोडी शिल्लक. नव्या सीमांवर पहिली निवडणूक होऊन दोन वर्षे झाली नाहीत तोच त्या सीमा ह्या शहरापुरत्या जुन्या झाल्या होत्या. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पुण्याजवळचे चिंचवड आणि रायगड जिल्ह्यातील पनवेल येथील मतदारसंख्या सहा लाखांच्या वर गेली; त्याच वेळी मुंबईतील वडाळ्याची दोन लाखांच्या थोडीच वर होती. मघाशी मी दोन लाख आणि सहा लाख हे आकडे उदाहरणादाखल घेतले असे आपणांस वाटले असेल. ते वास्तवातलेच होते.

ह्याची दुसरी बाजू ऐकल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. ठाण्याला ज्या ११ जागा वाढल्या त्या कोठून आल्या? राज्याच्या एकूण जागा २८८ च राहिल्या होत्या. म्हणजे एकाच्या पानात वाढलेले दुसऱ्याच्या पानातून काढलेले होते. मुंबई बेटाच्या जागा १७ वरून १० वर आल्या आणि उपनगर जिल्ह्याच्या १७ वरून २६ झाल्या. रत्नागिरी जिल्ह्यात ७ जागा होत्या, त्यांच्या ५ झाल्या. खेड आणि संगमेश्वर ही नावे मतदारसंघांच्या यादीतून गेली. सिंधुदुर्गाच्या ४ च्या ३ झाल्या. लोकसभेचा राजापूर मतदारसंघ, जो मधु दंडवते ह्यांनी अनेक वर्षे गाजविला, तोही नाहीसा होऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एक झाला.

ह्यात एक विचित्र योग आहे. संगमेश्वरचा माणूस नोकरीसाठी मुंबईला आला, परळच्या खोलीत राहिला, मुले मोठी झाल्यावर त्याने मीरा रोडला दोन खोल्या घेतल्या. जनगणनेत तो येथे मोजला गेला. त्याच्यामुळे येथे आमदार वाढला, आणि त्याच्याच जाण्यामुळे गावाकडचा आमदार गेला. गणपतीला तो गावी जातो तेव्हा पाखाडी मोडलेली पाहतो, नळाला पाणी नसलेले पाहतो आणि म्हणतो, आमच्या तालुक्याकडे कोणी लक्ष देत नाही. ते खरेही असते. गावाकडचा आमदार आता पूर्वीपेक्षा मोठ्या मुलखाचा आमदार झालेला आहे. घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत वाड्यावस्त्या फिरायला त्याला महिने लागतात. शहरातील आमदार मनात आणले तर सकाळी निघून संध्याकाळपर्यंत आपला मतदारसंघ पायी ओलांडू शकतो. त्याला गर्दीमुळे वेळ लागेल एवढेच.

म्हणून ग्रामीण भागाचे म्हणणे असे, की नुसती डोकी मोजू नका, डोंगरही मोजा. क्षेत्रफळ, दळणवळण, वस्तीची विरळता हेही हिशेबात धरा. कायदाही हे सर्वस्वी नाकारत नाही. मतदारसंघ सलग असावा, नैसर्गिक सीमा, तालुक्यांच्या सीमा, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय पाहावी, असे त्यात सांगितले आहे. परंतु हा विचार किती ताणावयाचा? विरळ वस्तीच्या अडचणींवर उपाय म्हणून आमदाराला अधिक कर्मचारी द्यावेत, तालुक्याला अधिक निधी द्यावा, जिल्हा परिषदेचे हात बळकट करावेत. त्यासाठी तेथील मताला शहरातील मताच्या दुप्पट किंमत देणे हा उपाय मला पटत नाही. अमेरिकेतही हा वाद साठ वर्षांपूर्वी रंगला होता. तेथील अनेक राज्यांत खेड्यातील थोड्या लोकांच्या हाती विधिमंडळ गेले होते. १९६२ आणि १९६४ सालच्या निकालांत तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की प्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे आणि एकरांचे नसतात. इंग्लंडातील जुनी गोष्ट तर ह्याहून मजेची आहे. ओल्ड सॅरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकडीला १८३२ पर्यंत पार्लमेंटात दोन सभासद होते, आणि मॅंचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला एकही नव्हता. डनिच नावाचे बंदर तर बरेचसे समुद्राने गिळले होते, तरी त्याचेही दोन सभासद लंडनला जाऊन बसत. माशांचे प्रतिनिधी म्हणावेत काय त्यांना?

येथवर संख्येचा विचार झाला. आता शंका अशी, की संख्या सारखी केली म्हणजे न्याय झाला का? नाही. हे समजावून घेण्यासाठी नऊ चाळींचे एक कल्पित गाव घेऊ. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन चाळी. वरच्या दोन्ही ओळींत डावीकडून पहिल्या दोन चाळी रस्तावाल्यांच्या आणि तिसरी पाणीवाल्यांची. खालची सबंध ओळ पाणीवाल्यांची. एकूण पाच चाळींना आधी पाणी हवे आहे, चारांना आधी रस्ता हवा आहे. प्रत्येक चाळीत माणसे सारखी. आता तीन तीन चाळींचे तीन प्रभाग करावयाचे.

ओळीओळीने प्रभाग केले, तर वरच्या दोन ओळी रस्तावाल्यांकडे जातात आणि खालची पाणीवाल्यांकडे. चार चाळींचा पक्ष दोन जागा जिंकतो, पाच चाळींचा एक! आता दुसऱ्या तऱ्हेने पाहा. वरच्या डाव्या कोपऱ्यातील तीन रस्तावाल्या चाळींचा काटकोनी प्रभाग केला. उरलेली एक रस्तावाली चाळ तिच्या उजवीकडील दोन पाणीवाल्या चाळींना जोडली. खालची ओळ तशीच ठेवली. आता पाणीवाल्यांना दोन जागा आणि रस्तावाल्यांना एक. माणसे तीच, मते तीच, प्रत्येक प्रभाग सलग आणि सारख्या संख्येचा. फक्त खडूची रेघ हलली. ज्याच्या हातात खडू त्याच्या हातात बहुमत, असे होऊ शकते ते असे.

ह्या युक्तीला इंग्रजीत जेरीमॅंडरिंग म्हणतात. १८१२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी ह्यांच्या पक्षाने एक मतदारसंघ इतका वेडावाकडा आखला, की तो सॅलमॅंडर नावाच्या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यासारखा भासू लागला. बॉस्टनमधील एका वृत्तपत्राने त्याला पंख आणि नख्या काढून चित्र छापले आणि जेरी व सॅलमॅंडर ह्यांची सांगड घालून हा शब्द तयार केला. त्या देशात आजही बहुतेक राज्यांत विधिमंडळेच सीमा आखतात. म्हणजे उमेदवार आपले मतदार निवडतात आणि मग मतदार उमेदवाराला.

आपल्याकडे हे काम न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील आयोगाकडे दिले, हे आपल्या राज्यघटनेचे आणि संसदेचे मोठे शहाणपण आहे असे मी मानतो. आयोगाचे आदेश लोकसभेपुढे व विधानसभेपुढे ठेवले जातात, पण तेथे त्यांत काना-मात्राही बदलता येत नाही. न्यायालयातही त्यांना सहसा आव्हान देता येत नाही. उज्जैनचा मतदारसंघ राखीव झाल्याबद्दल मेघराज कोठारी ह्यांनी आव्हान दिले तेव्हा, १९६६ साली, सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. नाहीतर प्रत्येक निवडणूक खटल्यांत अडकून पडेल. मात्र हे दार अगदीच बंद नाही. गुजरातमधील बारडोलीच्या प्रकरणात जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले, की आदेश उघड उघड मनमानीचा आणि घटनेच्या मूल्यांना सोडून असेल, तर न्यायालय हात बांधून बसणार नाही.

विधानसभेची गोष्ट अशी. महानगरपालिकेची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या दाराशी अधिक जवळची आहे, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहू.

मीरा-भाईंदर महानगरपालिकेत ९५ नगरसेवक आहेत. २०१७ ची निवडणूक २४ प्रभागांत झाली. त्यांतील २३ प्रभाग चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा. २०११ च्या लोकसंख्येने भागले, तर एका नगरसेवकामागे सुमारे साडेआठ हजार माणसे आणि चार सदस्यांच्या प्रभागात सुमारे ३४ हजार. येथेही सरासरीपासून दहा टक्क्यांची सूट असते. प्रभागाची वीट म्हणजे जनगणनेचा प्रगणक गट. तो शक्यतो फोडावयाचा नसतो. आरंभ उत्तरेकडून करावयाचा, तेथून ईशान्य, पूर्व असे सरकत दक्षिणेला संपवावयाचे, असे राज्य निवडणूक आयोगाचे मार्गदर्शन आहे. हे नियम मुद्दाम सांगतो, कारण कोणीही सुशिक्षित नागरिक हातात नकाशा घेऊन ते पाळले गेले की नाही हे स्वतः तपासू शकतो.

पण एका प्रभागातून किती सदस्य, हे कोण ठरवितो? राज्य सरकार. आणि त्याने काय केले ते पाहा. २०१७ च्या निवडणुकांसाठी चार सदस्यांची पद्धत आली. २०१९ अखेर सरकार बदलल्यावर एक सदस्याची ठरली. २०२१ मध्ये त्याच सरकारने ती तीन सदस्यांची केली. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलले आणि पुन्हा चार. मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये, प्रभागरचनेचे अधिकारच विधिमंडळाने निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले, आणि ह्या एका बाबतीत सत्ताधारी व विरोधक ह्यांचे एकमत झाले! त्यात इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. ह्या सगळ्या ओढाताणीत मीरा-भाईंदरच्या नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. तीन वर्षांहून अधिक काळ आठ लाखांहून मोठ्या शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. सीमा वाईट आखल्या तर मताचे मोल घटते. सीमांचा वाद मिटलाच नाही तर मत देण्याची वेळच येत नाही, हे आपण येथे अनुभवले आहे.

चार सदस्यांच्या पद्धतीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते, की एका प्रभागातून चार माणसे निवडून जाणार म्हणजे निरनिराळ्या समाजांना, निरनिराळ्या विचारांना जागा मिळेल. जेथे मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात तेथे तसे होते. येथे तसे नाही. अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी सबंध प्रभाग स्वतंत्रपणे मत देतो. जो गट सबंध प्रभागात थोडा जास्त आहे, तो चारही जागा घेऊन जाऊ शकतो. उत्तन, चौक, डोंगरीकडील कोळी बांधवांचे किंवा राई-मुर्ध्यातील आगरी शेतकऱ्यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या गावठाणाएवढा, साडेआठ हजारांचा एक सदस्याचा प्रभाग असेल, तर त्यांचा स्वतःचा माणूस जाईल. बोटींची डिझेल-सवलत म्हणजे काय, सुक्या मासळीच्या ओट्याला जागा का लागते, हे त्याला समजावून सांगावे लागणार नाही. तेच गावठाण ३४ हजारांच्या प्रभागात उंच इमारतींच्या शेजारी बसविले, तर चारही जागांवर इमारतींचे बहुमत चालेल. नया नगरसारख्या दाट वस्तीचा प्रश्न उलट बाजूने येतो. एकाच समाजाची मते एका प्रभागात कोंडली तर तेथे त्यांचा विजय मोठा होतो आणि बाहेर त्यांचा प्रभाव शून्य होतो. फोडली तर कोठेच त्यांचा माणूस येत नाही. ह्यांपैकी काय बरे, ह्याचे एकच एक उत्तर कोणत्याही कोष्टकात मिळणार नाही.

मोठ्या प्रभागाची बाजूही आहे. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. चार सदस्यांच्या प्रभागात दोन महिला आणि दोन इतर अशी वाटणी सरळ होते. एक सदस्याच्या पद्धतीत सोडत निघाली, की पाच वर्षे काम केलेल्या माणसाला दुसरा प्रभाग शोधावा लागतो. परंतु माझा कौल लहान प्रभागाकडे आहे. गटार तुंबले तर कोणाच्या दारात जायचे, हे नागरिकाला ठाऊक असले पाहिजे. चौघांकडे बोट दाखविण्याची सोय असली, की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. आपल्या देशाने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून सोडून दिलेला आहे, हेही विसरू नये. पहिल्या निवडणुकांत लोकसभा-विधानसभांचे काही मतदारसंघ दोन सदस्यांचे असत, त्यांतील एक जागा अनुसूचित जातीची किंवा जमातीची. १९५२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि नारायणराव काजरोळकरांकडून पराभूत झाले, तो मतदारसंघ असाच दोन सदस्यांचा होता. १९६१ मध्ये कायदा करून ही पद्धत बंद केली गेली.

पुढे काय? नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ही गणनातिथी ठरली. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभांत महिलांना एकतृतीयांश जागा दिल्या, पण त्या अमलात येण्याची अट पुढील जनगणनेला आणि तीनंतरच्या पुनर्रचनेला जोडली. म्हणजे सीमांच्या ह्या रूक्ष प्रश्नावर निम्म्या समाजाचे प्रतिनिधित्व अवलंबून ठेवले गेले.

तेव्हा गणनेसाठी शिक्षक किंवा पालिकेचा कर्मचारी दारात येईल, त्या वेळी त्याला उंबऱ्यावरून परत पाठवू नये. भाड्याने राहणारे कुटुंब, बांधकामावरील मजूर, गावी नाव असलेला पण येथे राहणारा मुलगा, ह्यांची नोंद झाली आहे की नाही हे विचारावे. त्यानंतर केव्हातरी आयोगाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल, हरकती आणि सूचना मागविल्या जातील आणि जाहीर सुनावणी होईल. पक्षांचे लोक तेथे वकील घेऊन जातात. सामान्य नागरिकाने जावे ते एका साध्या कागदासह: आपला प्रगणक गट कोणता, आपली शाळा, बाजार, स्टेशन आणि दवाखाना कोणत्या बाजूला आहेत, आणि आखलेली रेघ त्यांच्यामधून गेली आहे काय. प्रभागांच्या बाबतीत ही मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि तिची नोटीस पालिकेच्या फलकावर लागते.

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानावरून)